साध्या सायकलवर चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर

गिअरची सायकल नाही म्हणून चिखलदरा चढता येत नाही असं जो कोणी सांगते त्याने बहुतेक स्वतः कधी चढून पाहिलेलं नसते. मी बाबांच्या जुन्या काळ्या सायकलवर चढलो, बिनगिअरची, दांड्याच्या ब्रेकवाली, जिच्या कॅरियरवर आजवर कडबा अन् तुरीचे कट्टे सोडून काही गेलं नव्हतं. चार ठिकाणी उतरून ढकलली हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गावातले पोट्टे सांगतीलच.

परतवाड्याहून धामणगाव गढीमार्गे चिखलदरा तीस-बत्तीस किलोमीटर पडते. परतवाडा साधारण 400 मीटर उंचीवर अन् चिखलदरा 1100 च्या वर, म्हणजे सातशे मीटर चढायचे आहेत. धामणगाव गढीपर्यंत रस्ता बराचसा सोपा आहे, खरा घाट तिथून पुढे, म्हणून सुरुवातीला जोश दाखवू नका. मी दाखवला, धामणगावातच मांड्या भरून आल्या होत्या.

आता सायकलचं काम. हे घरून निघायच्या निदान पंधरा दिवस आधी करा, आदल्या दिवशी नाही.

पहिलं म्हणजे मागचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचा दातेवाला चक्का, बदला. साध्या सायकलला मागे बहुतेक 18 दात्यांचं असते अन् समोरच्या चक्क्याला 44. तुमचे किती आहेत ते स्वतः मोजा, एका दात्यावर खडूची खूण करायची अन् पायडल फिरवत मोजायचं. 44 ला 18 असलं की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास 5.4 मीटर जाते. तेच मागे 22 चं टाकलं तर 4.4 मीटर, म्हणजे एका फेऱ्यात मीटरभर कमी जाता पण पायावरचा जोर तेवढाच कमी होतो, अन् घाटात आपल्याले तेच पाहिजे. तालुक्याच्या सायकल दुकानात 22 चं मिळून जाते, नसेल तर 20 चं घ्या पण बदला. चेन एक-दोन कड्या वाढवावी लागते हे दुकानदाराला आठवणीने सांगा, नाहीतर मागचं चाक ओढून पार पुढे येते अन् मडगार्डला घासते. सपाटीवर मात्र सायकल थोडी हळू वाटेल, पाय भरभर मारावे लागतात, दोन दिवसात सवय होते.

दुसरं कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) मधल्या आसाला घट्ट धरून ठेवणारी पिन. ज्याच्या सायकलचं पायडल दाबलं की दर फेऱ्याला कट-कट आवाज येते त्याने समजून जा की कॉटर ढिली आहे. वावरात जायले ते चालून जाते, घाटात उभं राहून जोर मारला की ती पिन झिजते अन् क्रँक हलायला लागतो. नवीन पिन ठोकून घ्या, नट आवळा, दोन दिवस चालवून परत आवळा, कारण नवी पिन बसल्यावर नट हमखास ढिला पडते.

तिसरं ब्रेक, अन् इथे जरा थांबतो कारण माझी चांगलीच फजिती झाली होती. घाट चढायची भीती सगळ्यांना वाटते, खरा धोका उतरताना आहे. आमच्याकडच्या एका मिस्त्रीने ब्रेकचे रबर नवीन टाकून दिले, बरोबर दिसत होते, मी पण पाहिलं नाही. रबर ज्या लोखंडी बुटात बसते तो बूट एका बाजूने उघडा असते अन् एका बाजूने बंद. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेला बंद बाजू पाहिजे, म्हणजे रिम रबराला ओढत नेते तरी ते बंद तोंडाला अडते. मिस्त्रीने समोरचे दोन्ही उलटे लावले होते. गावाजवळच्या पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला अन् एक रबर सटकन बाहेर उडालं, नुसतं लोखंड रिमवर खर्रर्र करत गेलं, मी निंदणाच्या ढिगात. नशीब की हे घाटात झालं नाही. म्हणून सांगतो, मिस्त्री कितीही जुना असो, बुटाची दिशा खाली बसून स्वतःच्या डोळ्याने पाहा.

लोखंडी चकचकीत रिम ओली झाली की ब्रेक जवळपास लागतच नाही, रबर नवं असो का जुनं. त्यामुळे पावसाळ्यात धुकं, धबधबे सगळं छान दिसते पण साध्या सायकलने जाऊ नका, तेव्हा एसटीने जा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ. शनिवार-रविवार पण टाळा, पर्यटकांच्या गाड्या वळणावर आडव्या येतात. मंगळवार-बुधवारी रस्ता आपलाच.

सीटची उंची बहुतेक लोकांची चुकीची असते. भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, मग चालवताना पंजा ठेवला की टोंगळा (गुडघा) जरासा वाकलेला राहते. आपल्याकडे सीट खाली ठेवायची सवय आहे कारण दोन्ही पाय जमिनीला टेकतात, पण तसं घाट चढलात तर टोंगळ्याच्या समोरच्या बाजूला असं दुखते की दुसऱ्या दिवशी वट्ट्यावरून उतरवत नाही.

प्रॅक्टिस कुठे करायची हा मोठा प्रश्न, कारण आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्टा, सगळं सपाट, चढ म्हणजे काय तर नदीवरचा पूल. त्यावर उपाय पांदण रस्ता. भुसभुशीत मातीत चाक रुतते अन् पायाला जवळपास चढासारखाच जोर लागते. मी दीड महिना आठवड्यातून चार दिवस पहाटे पांदणीनं जात होतो, आधी दोन किलोमीटर, मग हळूहळू आठ. लोक म्हणायचे, "काऊन रे, डांबरी सोडून इकडून काय जाऊन रायला?" अन् समोरून वारा असेल त्या दिवशी डांबरी रस्त्यावर वाऱ्याच्या तोंडी, वीस-पंचवीस किलोमीटर, मध्ये न थांबता. कॅरियरवर वजन ठेवून सपाट रस्त्यावर फिरायचं पण करून पाहिलं, त्याचा फारसा उपयोग नाही, सपाटीवर वजन एकदा चाललं की चालते. वजन त्रास देते ते चढातच, म्हणून घाटाच्या दिवशी कॅरियरवर फालतू काही घेऊ नका.

सोबत घ्यायचं ते एवढंच: पंप, सोल्युशन, ठिगळं, कानस पेपर, एक जास्तीची ट्यूब, मागचं चाक खोलायचा पाना, दोन जास्तीचे ब्रेक रबर. एक लिटरच्या दोन बाटल्या पाणी, एकीत चिमूटभर मीठ अन् साखर. गूळ-फुटाणे खिशात, पिशवीत नाही, कारण दर अर्ध्या तासाला दोन-चार दाणे तोंडात टाकायचे आहेत अन् पिशवी खोलायचा कंटाळा येते. भूक लागल्यावर खायचं ठरवलं तर उशीर झालेला असते, पाय थरथरायला लागतात. परतवाड्याकडे संत्र्याचा सीझन असेल तर दोन संत्री घ्या. आलूबोंडा चढायच्या आधी नको, मी खाल्ला, तर्री सारखी वर येत होती.

मी आदल्या रात्री परतवाड्याला सोयऱ्याकडे थांबलो अन् सकाळी उजाडल्यावरच निघालो. अंधारात निघू नका. हा मेळघाटचा भाग आहे, 1973-74 पासूनचा व्याघ्र प्रकल्प, अन् वाघापेक्षा मला अस्वलाची जास्त भीती वाटते, पहाटे-सांजीले रस्त्यावर येते. फोनला रेंज सगळीकडे नसते म्हणून निघायच्या आधी घरी सांगून ठेवा किती वाजेपर्यंत खाली येणार ते, अन् एकटे जाऊ नका.

घाटात बसूनच चालवा. उभं राहून मारलं की वेग येते पण दोन मिनिटात दम संपते. नाकातोंडाने श्वास घेत एखादं वाक्य बोलता आलं पाहिजे, येत नसेल तर हळू करा. सायकल इतकी हळू झाली की हँडल डगमगते, तिथे सरळ उतरा अन् शंभर-दोनशे पावलं ढकला. यात लाज कसली बावा, ढकलताना पाठीला अन् मांडीला आराम मिळते, त्याने पुढचा टप्पा बसून निघते. रस्ता मोकळा दिसते म्हणून नागमोडी चालवायचा मोह होते, वळणावर बिलकुल करू नका, समोरची गाडी दिसत नाही. 'मोठा' नावाचं गाव आलं की समजा जमलं, पुढे थोडंच आहे. मला परतवाड्याहून चार तास लागले.

वर गेल्यावर रबडी खा, गाविलगड पाहायचा असेल तर पाहा पण दोन वाजता उतरायला लागा. थंडीच्या दिवसात घामाने ओला शर्ट असते अन् उतारावर गार वारा छातीला लागते, म्हणून शर्टच्या आत पेपर घाला, वर्तमानपत्राची दोन-तीन पानं, हसू नका, स्वेटरपेक्षा भारी काम करते. उतरताना एकच ब्रेक धरून ठेवायचा नाही, मागचा दाबा, सोडा, समोरचा हलका दाबा, सोडा. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून रिम गार होऊ द्या. मी एकदा थांबून रिमला बोट लावलं तर चटका बसला अन् जळक्या रबराचा वास येत होता, दहा मिनिटं बसलो, उरलेले फुटाणे तिथेच संपवले.

घरी आलो तर बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, आधी मागचं चाक उचलून फिरवून पाहिलं, अन् म्हणाले, "फ्रीव्हील बरं आहे बे हे, राहू दे आता, कट्टा घेऊन यायले सोपं जाईन."