डबलसीट टूरला निघायचंय? एकट्याच्या रायडिंगपेक्षा काय काय बदलायचं

पुण्याहून कोल्हापूर, पुढे आजरा, आंबोली उतरून सावंतवाडी, हे एकट्याने एका दिवसात आरामात करणारे खूप जण आहेत. त्यातलेच बरेच जण मग बायकोला नाहीतर मित्राला मागे बसवून तोच रूट त्याच वेळात मारायला जातात आणि कराड येईपर्यंत मागच्या माणसाचं ट्रिपमधलं मन पार उडालेलं असतं. माझं म्हणणं सरळ आहे, डबलसीट टूर ही मागच्या सीटवरून आखायची असते. पुढच्याला मजा आपोआप येते, मागच्याची सोय करावी लागते.

१. आधी वजनाचा हिशोब

रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० साधारण १९५ किलोची गाडी, हिमालयन ४५० पण त्याच्याच आसपास. तुम्ही ७५, मागचा ६५, दोघांचे हेल्मेट जॅकेट बूट धरून १०, सामान २० म्हणजे झाले १७० किलो, गाडीच्या वजनाच्या जवळ जवळ गेलो. मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त एकूण वजन दिलेलं असतं, त्यातून गाडीचं वजन वजा केलं की किती लादता येतं ते कळतं. हा आकडा बघूनच सामान ठरवा, उलटं नको. आणि मागच्याचं वजन जवळपास सगळं मागच्या चाकावर येतं, म्हणून पुढचं चाक हलकं होतं आणि चढाच्या वळणावर गाडी बाहेर बाहेर जायला लागते.

२. मग गाडी सेट करा, आदल्या दिवशी, घरीच

हवा टायर थंड असताना भरायची. बहुतेक गाड्यांवर स्वींगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) नाहीतर चेनकव्हरवर स्टिकर असतो, त्यात सोलो आणि पिलियन (मागे कोणी बसलेलं असताना) असे दोन आकडे असतात, पिलियनचा मागच्या टायरचा आकडा जास्त असतो. पंपावरच्या पोराला "मारतो नेहमीची" म्हणू द्यायचं नाही, आकडा आपण सांगायचा, आणि स्वतःचा गेज असला तर सगळ्यात बरं.

दुसरं प्रीलोड, म्हणजे मागच्या शॉकअपची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते. याला लोक हातच लावत नाहीत. क्लासिकच्या मागच्या शॉकअपला सहा स्टेप आहेत, टूलकिटमधल्या हुकासारख्या पान्याने फिरवायचं, दोन्ही बाजूंना सारखी स्टेप ठेवायची. प्रीलोड वाढवला नाही तर गाडी मागून बसते, खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो आणि तो दणका पहिला मागच्याच्या पाठीत जातो. मागून बसलेल्या गाडीचा हेडलाइटही वर जातो, समोरच्याच्या डोळ्यावर येतो आणि आपल्याला जवळचा रस्ता नीट दिसत नाही. तेव्हा दोघं बसून, भिंतीवर लाइट मारून उंची बघून घ्या, खाली करायचा स्क्रू असतो.

चेन मॅन्युअलप्रमाणेच ढिली ठेवा. वजन आलं की स्वींगआर्म वर जातो आणि चेन आणखी ताणली जाते, त्यामुळे "डबलसीट आहे तर जरा टाइट करून घेऊ" हे अगदी चुकीचं आहे. ब्रेकपॅड अर्ध्याच्या खाली असतील तर निघायच्या आधीच बदला, घाटात दुप्पट काम त्यांनाच आहे.

३. सामान

सोलो जाताना मागची अख्खी सीट आपली असते, बॅग आडवी टाकून पाठीला टेकवून बांधायची, वजन जितकं गाडीच्या मध्याकडे तितकी गाडी सरळ चालते. डबलसीटला ती जागा गेली, म्हणून दोन्ही बाजूंना सॅडलबॅग, जड वस्तू तळाला, डावी उजवी सारखी, आणि रोज लागणारं टँकबॅगमध्ये. टॉपबॉक्स असला तर त्यात रेनकोट, खाऊ असलं हलकंच, कारण तो चाकाच्याही मागे लटकत असतो. मागच्याच्या पाठीला भरलेली सॅक कधीच देऊ नका, तासाभरात खांदे जातात. हुकवाल्या इलॅस्टिक दोऱ्यांपेक्षा पट्टे वापरा, सुटलेला हुक चाकात गेला की विषय गंभीर होतो.

४. मागच्याशी बोलणी

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. निघायच्या आधी गाडी स्टँडवर लावून दहा मिनिटं द्या आणि एवढं सांगा:

- मी "बस" म्हटल्यावरच बसायचं, उतरतानाही विचारून. तेव्हा पुढच्याचे दोन्ही पाय जमिनीवर आणि पुढचा ब्रेक दाबलेला.
- पाय फुटरेस्टवरच, सिग्नलला थांबलो तरी खाली टेकवायचे नाहीत. सायलेन्सरकडचा पाय जपायचा.
- वळणावर माझ्या आतल्या बाजूच्या खांद्यावरून पुढे बघायचं, बास. अंग आपोआप गाडीबरोबर झुकतं. भीती वाटली म्हणून उलट्या बाजूला झुकायचं नाही.
- एक हात माझ्या कमरेला, एक मागच्या रेलिंगला. ब्रेक लागला की मांड्यांनी धरायचं.
- खांद्यावर एकदा थाप म्हणजे हळू, दोनदा म्हणजे थांब. ब्लूटूथ इंटरकॉम असला तरी हे ठरवून ठेवा, बॅटरी दुपारी जाते.

कपड्यांचं पण बघा. ओढणी, साडीचा पदर, सॅकचे लोंबणारे पट्टे सगळं आत खोचलेलं पाहिजे. साडीगार्ड, मागच्याने धरायचं हँडल आणि फुटरेस्ट नियमानेच लागतात, स्टाइलसाठी साडीगार्ड काढून टाकला असेल तर आधी परत बसवा. आणि हेल्मेट दोघांचंही चांगलं, आयएसआयचं, स्वतःच्या मापाचं. तुमचं तीस हजारांचं आणि मागच्याला शेजाऱ्याचं मागून आणलेलं ढिलं टोपडं, हे बघून मला खरंच राग येतो.

५. चालवायचं कसं

पहिल्याच दिवशी घाट नको. एखाद्या रविवारी पानशेत रोडला नाहीतर तुमच्या गावाजवळच्या रिकाम्या रस्त्यावर पन्नास साठ किलोमीटर चक्कर मारा, मोकळ्या जागी ब्रेक लावून बघा. गाडी थांबायला जास्त अंतर घेते, तेव्हा पुढच्या गाडीपासून सोलोपेक्षा चांगलं जास्त अंतर ठेवा. मागे वजन असल्यामुळे मागचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त कामाला येतो, पुढचा आणि मागचा दोन्ही मिळून, हळूहळू दाब वाढवत. मागच्याचं हेल्मेट तुमच्या हेल्मेटला सारखं आपटत असेल तर चूक तुमची आहे, गियर, क्लच नाहीतर ब्रेक झटक्यात होतोय.

ओव्हरटेकला गाडी आळसावते. सोलोला ज्या गॅपमध्ये एसटीच्या पुढे गेला असता ती गॅप आता सोडून द्या, एक गियर खाली घ्या, पूर्ण रस्ता रिकामा दिसला तरच जा. घाट उतरताना दुसऱ्या तिसऱ्या गियरवर इंजिनला गाडी धरू द्या, न्यूट्रलमध्ये अजिबात नाही, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून सुस्त होतात. खड्डा, गतिरोधक दिसला की ओरडून सांगा, तुम्हाला दिसतो, मागच्याला नाही. मोठा असेल तर दोघांनी पायावर जोर देऊन सीटवरून किंचित उठायचं.

पावसाळ्यात ताम्हिणी, आंबोलीला वळणावर लाल माती वाहून आलेली असते, धबधब्याजवळ अचानक गर्दी आणि आडव्या लावलेल्या गाड्या असतात. डबलसीट असाल तर तिथे वेग आणखी कमी. चिखल, वाळू, मोठा चढ असलेला कच्चा रस्ता दिसला तर मागच्याला सरळ उतरवा, चार पावलं चालण्यात कमीपणा नाही. सागरी मार्गाने जाताना दिघी आगरदांडा किंवा दाभोळ धोपावे फेरीबोटीवर गाडी चढवतानाही तेच, लोखंडी रॅम्प ओला आणि शेवाळलेला असतो, मागच्याने आधी चालत जायचं.

६. दिवसाचा प्लॅन

सोलोला तुम्ही ४०० किलोमीटर मारत असाल तर डबलसीटला अडीचशे धरा. हा माझा अंदाज आहे पण मी त्यालाच चिकटून असतो. मागच्याच्या हातात गाडीचा ताबा नाही, समोर रस्ता नाही, सीटही बहुतेक गाड्यांवर चिंचोळी, म्हणून तो आधी दमतो. दर तासाला खाली उतरा, पाय मोकळे करा, पाणी प्या. थांबा निवडताना स्वच्छ बाथरूम आहे का हे आधी बघा, विशेषतः मागे बाई असेल तर, कारण बाथरूम मिळणार नाही या भीतीने पाणीच प्यायचं नाही असं खूप जणी करतात आणि दुपारपर्यंत डोकं धरतं. अंधाराच्या आत मुक्कामाला पोचायचं.

रूट लावताना मॅपला टू-व्हीलर मोड ठेवा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतू, तिन्हीवर मोटरसायकलला बंदी आहे.

७. एकटे जात असाल तर

एकट्याचा धोका वेगळा, तिथे सांगायला कोणी नसतं. झोप येतेय हे आपल्याला उशिरा कळतं, म्हणून जांभई आली की टपरी शोधायची. घरच्या एकाला लाइव्ह लोकेशन द्या, रेंज जाणारे भाग आधी सांगून ठेवा. ११२ आणि ॲम्ब्युलन्सचा १०८ फोनमध्ये आहेतच, पण रक्तगट आणि घरचा नंबर कागदावर लिहून खिशातही ठेवा, फोन लॉक असतो.

पंक्चर किट एकट्याला जास्त लागतं. ट्यूबलेस असेल तर स्वतः शिकून घ्या, स्पोक आणि ट्यूब असेल तर एक जादा ट्यूब आणि जवळच्या गावातल्या दुकानाचा नंबर. पडलेली गाडी उचलायची पद्धत पण शिका: किल स्विचने (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) इंजिन बंद, सामान सोडवा, गाडी गियरमध्ये, उजवीकडे पडली असेल तर साइडस्टँड आधीच उघडून ठेवा, मग हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून सीटला पाठ लावा, एक हात हँडलवर, दुसरा मागच्या रेलिंगवर, आणि पायांच्या ताकदीने मागे मागे चालत उठवा. कमरेने उचलायला गेलात तर टूर तिथेच संपेल.

जेवायला थांबलात तर गाडी टेबलावरून दिसेल अशी लावा, बाथरूमला जाताना काउंटरवरच्या काकांना सांगून जा. लोक प्रेमाने लक्ष ठेवतात.

८. नियम आणि विमा

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागच्यालाही. नसेल तर १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर २०२३ पासून हार्नेस आणि हेल्मेट लागतं, वेग ४० च्या वर नाही. त्या वयाच्या पोराला टूरवर गाडीवर न्यावं असं मला तरी वाटत नाही.

विम्याचं नीट बघा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर त्यात मागे बसलेल्याला संरक्षण मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने २००६ च्या निकालात हे सांगितलंय. कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या, आणि मागच्याचा अपघात विमा त्यात वेगळा जोडता येतो का ते एजंटला विचारा.

टूरवरून आलात की दुसऱ्या दिवशी प्रीलोड परत सोलोच्या स्टेपवर आणा, हवा कमी करा, हेडलाइट होता तिथे घ्या. नाहीतर सोमवारी ऑफिसला जाताना गाडी दगडासारखी कडक लागेल आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक उगीच उड्या मारेल.