स्वस्त प्रोसेसरात काय कापलंय ते आधी बघा

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर विकायचा-दुरुस्तीचा धंदा सुरू केलात, की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला : "भाऊ, गिगाहर्ट्झ किती हाये?" वेगाच्या या आकड्यावर जाऊ नका. प्रोसेसर स्वस्त होतो तो काहीतरी कापून. काय कापलं, ते ओळखायला शिका.

मला यासाठी १९९८ चं उदाहरण सगळ्यात कामी आलं. एएमडीचा के६ स्वस्तात खपत होता, म्हणून इंटेलनं सेलेरॉन आणला. आतलं डिझाइन इंटेलच्याच महागड्या पेंटियम टूचं, पण एल-टू कॅश, म्हणजे लागणारा डेटा हाताशी ठेवणारी छोटी, वेगवान मेमरी, साफ काढून टाकलेली. त्यामुळे २६६ मेगाहर्ट्झचा असूनही तो रखडायचा. डेटासाठी सारखं संथ रॅमकडे धावावं लागे. त्याच वर्षी सेलेरॉन ३००ए आला. कॅश फक्त १२८ केबी, पण प्रोसेसरच्या चिपवरच आणि त्याच्याच वेगानं चालणारी. पेंटियम टूची ५१२ केबी होती वेगळ्या चिपांवर, निम्म्या वेगाची. झालं, बऱ्याच कामांत स्वस्त माल महागाच्या बरोबरीला आला! इंटेललाही ते फारसं रुचलं नसावं. २००० साली एएमडीच्या ड्युरॉनमध्ये एल-टू जेमतेम ६४ केबी होती. पण एल-वन, म्हणजे त्याहून जवळची कॅश, १२८ केबी, आणि एकीतला डेटा दुसरीत पुन्हा ठेवला जात नसे. म्हणजे दोन्हींची बेरीज हाती येई.

इंटेलच्या २००८ च्या अॅटमनं वीज वाचवायला प्रोग्रामच्या सूचना आल्या त्याच क्रमानं चालवल्या. एक अडली की मागच्या खोळंबल्या.

आजचा इंटेलचा एन१०० घ्या : चार छोटे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ६ वॅट, मेमरीचा एकच चॅनल, म्हणजे रॅमकडे जायचा एकच रस्ता. सेतू केंद्रावर फॉर्म भरायला, प्रिंट काढायला पुरेसा, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवर बराच वेळ निघतो. फक्त बिनपंख्याचा डबा घेऊ नका. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला, की तो तापून आपला वेग आपणच कमी करतो.

एएमडीचा रायझन ३ ७३२०यू चार कोअर, आठ थ्रेडचा, म्हणजे एका वेळी आठ कामं हाताळणारा. नावातल्या सात हजारांच्या आकड्यानं नवा वाटतो, पण कोअर २०१९ च्या झेन टू पिढीतले. शिवाय रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली. ८ जीबी घेतली तर ८ च राहणार, हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधीच सांगा.

नागपूरहून सेकंड हॅन्ड माल आणणार असाल, तर पिढी बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-फाइव्ह लिनक्स टाकायचं असेल तरच उचला.