ब्रिटनमध्ये साइटवर काम करायचंय? आधी कार्डाचा रंग ठरवा

दर सप्टेंबरात सिव्हिलची नवी बॅच मास्टर्सला येते आणि महिन्याभरात फोन सुरू होतात. "दादा, ते सीएससीएस कार्ड पटकन कुठून मिळेल?" सीएससीएस म्हणजे 'कन्स्ट्रक्शन स्किल्स सर्टिफिकेशन स्कीम', बांधकामाच्या साइटवर दाखवायचं ओळखपत्र. पटकन मिळतं हो. पण कुठलं हवंय, हे कोणीच विचारत नाही, आणि गडबड होते ती तिथेच.

हे कार्ड कायद्याने सक्तीचं नाही. १९९५ साली बांधकाम उद्योगानेच ही योजना सुरू केली. पण मोठे कंत्राटदार आणि घरं बांधणाऱ्या मोठ्या कंपन्या कार्डाशिवाय गेटच्या आत घेत नाहीत, त्यामुळे सक्ती नाही म्हणण्याला तसा काही अर्थ नाही. आपल्याकडे बांधकाम कामगार कल्याण मंडळाची नोंदणी असते. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला द्यायचा आणि योजनांचे लाभ घ्यायचे. इथलं कार्ड त्या जातीचं नाही. त्याच्यावर कुठलाही लाभ मिळत नाही. या माणसाचं शिक्षण वा कौशल्य अमुक आहे आणि सुरक्षेची परीक्षा तो पास झालाय, एवढंच ते सांगतं. नोकरी देत नाही, व्हिसाचा हक्कही सिद्ध करत नाही. तुमचा ई-व्हिसा आणि तो ऑनलाइन पाहण्यासाठीचा शेअर कोड मालक वेगळा तपासणारच.

आता रंग. आपली मुलं धावतात हिरव्या कार्डाकडे, कारण ते सगळ्यांत सोपं. बांधकामातल्या सुरक्षेचा लेव्हल १ अभ्यासक्रम, त्यावर सुरक्षेची कामगारांसाठीची परीक्षा, झालं. पण हिरवं कार्ड म्हणजे लेबरर, आपल्या भाषेत बिगारी. त्यात कमीपणा काहीच नाही. सुट्टीत चार पैसे मिळवायला बिगारीचंच काम करणार असाल, तर तेच कार्ड बरोबर. मात्र साइट इंजिनिअर किंवा क्वांटिटी सर्व्हेयर म्हणून अर्ज करायचा आणि गेटवर हिरवं कार्ड पुढे करायचं, हे चालत नाही. कार्ड कामाशी जुळलं पाहिजे.

अभ्यासक्रम चालू असताना इंटर्नशिप किंवा प्लेसमेंट करायची असेल, तर लाल ट्रेनी कार्ड. त्यासाठी बांधकामाशी संबंधित अभ्यासक्रमाला नोंदणी असल्याचा पुरावा लागतो. ज्यांची बी.ई. किंवा बी.टेक. भारतातच पूर्ण झाली आहे, त्यांना याहून चांगली वाट आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते: पांढरं कार्ड, 'अॅकॅडेमिकली क्वालिफाइड पर्सन'. आपली पदवी इथल्या कुठल्या पातळीची आहे, याचं यूके एनिक या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून तुलनापत्र घ्यायचं, सुरक्षेचीच पण व्यवस्थापक-व्यावसायिकांसाठीची परीक्षा द्यायची आणि अर्ज करायचा. कार्ड पाच वर्षं चालतं. तुमची शाखा त्यात बसते का, हे योजनेच्या वेबसाइटवर पाहून घ्या. सिव्हिलवाल्यांना सहसा अडचण येत नाही. फक्त एक करा: पदवी प्रमाणपत्र आणि सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका येतानाच बरोबर आणा. दीक्षान्त समारंभ व्हायचाय म्हणून प्रमाणपत्र विद्यापीठातच पडलेलं आणि आई-बाबा खिडकीपाशी रांगेत, हे प्रकार दरवर्षी होतात.

पांढरं कार्ड मिळालं म्हणून कोणी मॅनेजर होत नाही, हेही लक्षात ठेवा. त्यातून शिक्षण कळतं, कामाचा अनुभव कळत नाही. मॅनेजरचं काळं कार्ड पुढे, प्रत्यक्ष काम करताना एनव्हीक्यू, म्हणजे काम पाहून दिली जाणारी व्यावसायिक पात्रता, मिळवून मिळतं.

गल्फमध्ये दहा-बारा वर्षं काढून आलेले गवंडी, सुतार, फिटर यांची वाट वेगळी. पूर्वी मालकाच्या शिफारशीवर कार्डं निघत. तसली उरलीसुरली कार्डंही ३१ डिसेंबर २०२४ला बाद झाली. आता हातात कितीही कसब असलं तरी एनव्हीक्यू लागतोच. सुदैवाने त्यासाठी वर्गात बसावं लागत नाही. मूल्यमापन करणारा साइटवर येऊन काम बघतो. तोवर अनुभवी कामगाराचं लाल कार्ड चालतं, आणि एनव्हीक्यूची लेव्हल २ झाल्यावर कुशल कामगाराचं निळं मिळतं. इलेक्ट्रिशियनला ईसीएस, क्रेन आणि पोकलेनवाल्यांना सीपीसीएस, परांची बांधणाऱ्यांना सीआयएसआरएस, अशी ज्याची त्याची योजना आहे. तिथे सीएससीएसकडे चकरा मारू नका.

परीक्षेला ५० प्रश्न आणि ४५ मिनिटं. इंग्रजीपेक्षा सवयीच जास्त आड येतात. ॲस्बेस्टॉसचंच घ्या, ज्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. आपल्याकडे गोठ्यावर, शेडवर ॲस्बेस्टॉस मिसळलेला सिमेंटचा पत्रा सर्रास असतो. करवतीने कापला, भोक पाडलं, बसवला, कोणी दोनदा विचार करत नाही. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर १९९९ साली पूर्ण बंदी आली, म्हणून २००० सालाआधीच्या कुठल्याही इमारतीत ते असू शकतं असं धरूनच चालतात. संशय आला की हात लावायचा नाही, काम थांबवायचं, सुपरवायझरला सांगायचं. 'ओला कपडा टाकून हळूच काढून ठेवीन' असा पर्याय दिसला की आपला माणूस तोच निवडतो. प्रश्नसंच पाठ करण्यापेक्षा यामागचं कारण समजून घ्या. उंचीवरचं काम, सिलिकाची धूळ, जड वजन उचलणं, सगळीकडे हेच तत्त्व आहे.

परीक्षेचं नाव नोंदवताना पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं. परीक्षेला एक नाव आणि कार्डाच्या अर्जात दुसरं असलं, तर दोन्ही जुळवताना वेळ जातो. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरतात, पण तेवढा उशीर कशाला?

कार्डाची फी ३६ पाउंड. शंभर, दोनशे सांगणाऱ्या वेबसाइट या मधल्या दलालांच्या आहेत. अर्ज थेट योजनेच्या वेबसाइटवर करा. 'परीक्षा न देता कार्ड' म्हणणाऱ्याला तर लगेच ब्लॉक करा. गेटवरचा माणूस कार्ड फोनवर स्कॅन करतो, नोंद नसेल तर पुढचं संभाषण फार लांबत नाही.

यापेक्षा मोठा धोका पगाराच्या पद्धतीत आहे. बांधकामात बहुतेक एजन्सीवाले 'सीआयएस'वर (कंत्राटी कामाच्या करयोजनेवर) घेऊ म्हणतात, म्हणजे तुम्ही स्वयंरोजगारी आणि ते २० टक्के कर कापून देणार. सीआयएसमध्ये तुमची नोंदणी नसेल तर ३० टक्के. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगीच नाही. आठवड्याचे २० तास पाळत असलात तरी सीआयएसवरचं काम नियमभंगच ठरतं, आणि त्याची किंमत एजन्सी नाही, तुम्ही मोजता. पे-रोलवर, म्हणजे पगारी नोकर म्हणून, घेणार का, हा प्रश्न कार्डाच्या आधी विचारा. शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर ही अडचण नाही.

हेल्मेट, जॅकेट, बूट मालकाने द्यायचे असतात, फुकट. पगारातून कापतो म्हणाला तर नियम दाखवा. आणि पहिल्या दिवशीच्या इंडक्शनला ग्लासगोचा किंवा लिव्हरपूलचा कोणी बोलत असेल आणि कळलं नाही, तर मान डोलवू नका. 'परत सांगा' म्हणा. शेवटी तुमची सही घेतात, 'मला समजलं' म्हणून.