लिव्हर ट्रान्सप्लांटच्या आधी चालायची आन सायकलची टेस्ट असते, पेशंटला कसं तयार करायचं

मामांचं ट्रान्सप्लांट करायचं ठरलं तेव्हा आम्हाला वाटलं रक्त तपासतील, सीटी करतील, डोनरचं बघतील, झालं. पुण्यात पहिल्याच फेरीला फिजिओच्या पोरीनं एक खुर्ची पुढं ठेवली आन म्हणाली काका, हाताची घडी छातीवर घाला आणि न टेकता पाच वेळा उठा-बसा. मामा हसलेच, तालमीत बैठका मारलेला माणूस तो. तिसऱ्या वेळेला मांड्या लटलटायला लागल्या, चौथ्याला हात आपोआप खुर्चीच्या दांड्याकडं गेला. परत येताना कराडपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आता ओळखीतनं कोणी ना कोणी विचारतंय म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या टीमचाच.

हे कशासाठी करतात ते आधी समजून घ्या. ऑपरेशनमध्ये नव्या लिव्हरला रक्त जोडतात त्या क्षणी तिथलं गार, पोटॅशियम जास्त असलेलं रक्त एकदम हृदयाकडं येतं, बीपी धाडकन पडू शकतं आणि हृदयाला तेव्हाच्या तेव्हा जोर लावावा लागतो. सिरॉसिसमध्ये (लिव्हर कडक होऊन निकामी होत जातं तो आजार) रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, त्यामुळं पेशंट निवांत झोपलेला असताना एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला की पंपिंग झक्कास दिसतं आणि घरचे खूश होतात. खरं दुखणं जोर पडल्यावरच दिसतं. दुसरी गोष्ट स्नायूंची. पोटात पाणी भरलंय म्हणून वजन तेवढंच दिसतं, आतनं माणूस वाळलेला असतो. वजनकाटा सोडा, मांड्या आणि दंड बघा.

खुर्चीची टेस्ट एकटी नसते. सोबत हाताची पकड मोजतात आणि पाय तीन वेगवेगळ्या प्रकारे ठेवून १०-१० सेकंद तोल धरायला लावतात, त्यातनं लिव्हर फ्रेल्टी इंडेक्स निघतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतनं आलेला अशक्तपणा मोजायचा स्कोर आहे हा, ३.२ च्या खाली म्हणजे दणकट, ४.५ किंवा वर म्हणजे अशक्त. मग सहा मिनिटं चालायची टेस्ट, साधारण ३० मीटरच्या सपाट पॅसेजमध्ये ये-जा. मध्ये थांबलं तरी चालतं पण घड्याळ थांबत नाही. २५० मीटरच्या आत राहिलं की डॉक्टरांच्या कपाळावर आठी येते.

सायकलवाली टेस्ट म्हणजे सीपेट. तोंडावर मास्क, छातीला ईसीजीच्या वायरी, दंडाला बीपीचा पट्टा, आणि पेडल हळूहळू जड होत जातं. खरं पेडल मारणं ८ ते १२ मिनिटांचंच. यात ॲनारोबिक थ्रेशोल्ड नावाचा आकडा बघतात, म्हणजे शरीर ऑक्सिजनवर कुठपर्यंत निभावतं आणि कुठनं उधारीवर चालायला लागतं. किलोमागे मिनिटाला ९ ते ११ मिली ऑक्सिजनच्या खाली असला की जोखीम जास्त धरतात, प्रत्येक सेंटरची रेघ थोडी वेगळी असते. याचं बरं असं की माणूस शेवटपर्यंत नाही मारू शकला तरी हा आकडा बहुतेक वेळा मिळतो, म्हणून पेशंटला "मारा मारा, सोडू नका" असं कुस्तीच्या मैदानासारखं ओरडू नका. आणि हिशोब वजनावर असतो, पोटातलं पाणीपण त्यात धरलं जातं, त्यामुळं पाणी काढायचं ठरलंच असेल तर टेस्ट त्याच्यानंतर घेता येईल का एवढं विचारा.

आता आमची चूक. मामा प्रोप्रॅनोलॉल घेतात, हृदयाचे ठोके आणि फुगलेल्या शिरांमधला दाब कमी ठेवणारी गोळी. एका ठिकाणी डोब्युटामिन स्ट्रेस एको ठेवला, म्हणजे ज्याला पळवता येत नाही त्याचं हृदय इंजेक्शननं पळवायचं. गोळीचं कोणी विचारलं नाही, आम्हीपण सांगितलं नाही. ठोके हवे तिथपर्यंत चढलेच नाहीत (२२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के लागतात), रिपोर्ट अर्धवट, पैसे गेले, दिवस गेला. म्हणून गोळीचं नाव, डोस, शेवटची कधी घेतली हे कागदावर लिहून न्या. पण गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही म्हणजे नाही, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होऊ शकते. बंद कधी, चालू कधी हे तेच सांगतील. एन्डोस्कोपीचा रिपोर्ट, जुना एको, ताजं हिमोग्लोबिन फाईलच्या वरच ठेवा.

कोल्हापुरातनं पहाटे चारला उपाशी निघून पुण्यात टेस्टला उभं करू नका. सिरॉसिसचा पेशंट रात्रभर उपाशी राहिला की शरीर स्नायू खातं. जमलं तर आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम करा, रात्री झोपताना काहीतरी खायला द्या, टेस्टच्या दोनेक तास आधी हलका नाष्टा, चहा-कॉफी नको. उपाशीच या असं त्यांनी सांगितलं असेल तर अर्थात त्यांचं ऐका. आणि बूट न्या! मामा करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल घालून गेले, पोरीनं सायकलवर बसूच दिलं नाही, मला धावत जाऊन कॅनव्हासचे बूट आणायला लागले, एक नंबर लहान.

टेस्ट खराब आली म्हणजे लगेच लिस्टमधनं नाव कटलं असं नसतं. आम्हाला दहा आठवडे दिले. सकाळी रंकाळ्यावर सपाट रस्त्यानं चालणं, बोलता येईल एवढ्याच वेगानं, घरी खुर्चीवरनं उठ-बस दिवसातनं तीनदा, मामी मोजायच्या. प्रोटीन किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, हे ऐकून शेजारपाजारचे घाबरले कारण लिव्हरला प्रोटीन चालत नाही असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय, आमच्या डायेटिशियननं ते खोडून काढलं. अंडी, डाळ, दूध सुरू, मीठ कमी म्हणून तांबडा-पांढरा बंद, त्याचं दुःख मामांना आजारापेक्षा जास्त. दूधकट्ट्यावरचं धारोष्ण दूधपण बंद, या आजारात कच्च्या दुधातनं इन्फेक्शन महागात पडतं, तेच घरी आणून उकळलं की चालतंय. छातीत दुखलं, चक्कर आली, काळी शौच झाली किंवा माणूस विसरल्यासारखं बोलायला लागला तर त्या दिवशी व्यायाम नाही, सरळ डॉक्टरांना फोन.

दुसऱ्या फेरीत पाचही उठ-बस झाल्या, १४ सेकंदात.