हाडावर आलेली शेळी कशी सावरायची

बाजारातून स्वस्तात मिळालेली, वाट्याने दिलेली परत आलेली किंवा कुणी बघायला नव्हतं म्हणून महिनोन्महिने खुंट्यालाच राहिलेली शेळी दारात आली की पहिल्यांदा सुचतं ते पोटभर घालणं. पसाभर ज्वारी, उरलेला भात, पाटीभर मक्याचा भरडा. अशी शेळी बऱ्याचदा या मायेच्या घासानेच दगावते. महिनोन्महिने अर्धपोटी राहिल्यावर तिच्या मोठ्या पोटातले चारा पचवणारे जीवाणू कमी झालेले असतात. त्यावर एकदम धान्य पडलं की ते आंबतं, पोटात आम्ल होतं आणि रक्तातलं पाणी पोटाकडे ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी शेळी बसते, दात खाते, आंबट वासाचं पातळ हगते. अशी एकदा पडलेली शेळी उठवणं अवघड असतं. म्हणून क्रम असा ठेवा: ऊब, पाणी, पाला, मग जंताचं औषध. खुराक सगळ्यात शेवटी.

आधी वेगळी बांधा

घरात बाकी शेरडं असतील तर तिला त्यांच्यात सोडू नका. किमान २१ दिवस, जमलं तर महिनाभर लांब ठेवा. तिची बादली आणि दावं वेगळं असू द्या. चारा-पाणी आधी घरच्यांना आणि मग तिला, उलट नको. ताप, नाकातून घट्ट शेंबूड, तोंडात फोड आणि हगवण एकत्र दिसलं तर पीपीआरचा (शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) संशय धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. ओठांवर खपल्या असतील तर तो मावा असू शकतो. तो माणसाच्या हातालाही होतो, तेव्हा हातमोजे घाला.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूरकडच्या पावसात जागेला फार महत्त्व आहे. जमिनीवर ओल असेल तर फळ्यांचा माच करा किंवा भाताच्या पिंजराचा वीतभर थर घाला आणि तो रोज बदला. वारा थेट अंगावर येणारी बाजू गोणपाटाने झाका, वरून मात्र हवा खेळू द्या. पूर्ण बंद खोलीत मुताच्या वाफेने खोकला लागतो.

तपासायचं काय

घरात पाच गोष्टी हाताशी ठेवा: साधा डिजिटल थर्मामीटर, २० मिलीची सुई नसलेली सिरिंज, शिवणकामाची टेप, बॅटरी आणि वही.

ताप गुदद्वारात बघा. टोकाला तेल लावून थर्मामीटर दोन इंच आत, बाजूच्या भिंतीला टेकवून धरा. निरोगी शेळीचं तापमान १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं. १०४.५ च्या वर गेलं तर संसर्ग धरून चाला. १०० च्या खाली आलं तर काहीही पाजू नका. गार पडलेल्या शेळीचं पोट चालत नाही, पाजलेलं तसंच पडून राहतं. आधी कोरडी करा, घोंगडं घाला, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि जांघेत ठेवा. १०१ च्या पुढे आल्यावरच पाजायला घ्या.

मग डोळा. इथे घाई करू नका, सगळ्यात जास्त माहिती इथूनच मिळते. उजेडात उभे राहा. अंगठ्याने वरची पापणी मिटवून बुबुळावर हलकं दाबा आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा. आतली कड पटकन बाहेर येते, तिचा रंग लगेच बघा, कारण उघडी राहिली की रंग बदलतो. लालभडक किंवा लालसर गुलाबी असेल तर रक्त ठीक आहे. फिकट गुलाबी दिसली तर औषधाचा विचार करायचा. पांढुरकी झाली असेल तर औषध लगेच. कागदासारखी पांढरीफटक असेल तर ती शेळी पळवायची नाही, गाडीत घालून हेलकावे खात न्यायची नाही, डॉक्टरांनाच गोठ्यावर आणायचं. एवढं रक्त गेलेली शेळी नुसत्या धावपळीने पडून मरते.

रक्त पिणारा जंत चौथ्या पोटात असतो. एकेक जंत दिवसाला थेंबभर रक्त घेतो, आणि पोटात ते हजारोंनी असू शकतात. या जंताने हगवण लागेलच असं नाही. लेंड्या नीट पडतात म्हणून जंत नाहीत, असं समजणाऱ्यांची शेळी खंगत जाते. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत असेल तर रक्तातलं प्रथिन फार उतरलेलं आहे. ही सूज संध्याकाळी जास्त आणि सकाळी कमी दिसते, त्यामुळे दोन्ही वेळा हात लावून बघा.

पाठीवर हात फिरवा. मणक्याचं टोक धारदार लागतं आणि बाजूची हाडं बोटांनी मोजता येतात, तर शेळी पाचपैकी एकच्या अंगाची, म्हणजे सगळ्यात हडकुळी आहे. डाव्या कुशीत मूठ दाबून पूर्ण दोन मिनिटं थांबा. मिनिटाला एक-दोन वेळा पोट मुठीला ढकलतं. दोन मिनिटांत एकदाही ढकललं नाही तर पोट बंद आहे.

तोंडही उघडून बघा. दाढा झिजलेल्या किंवा पडलेल्या असतील, गालात चोथ्याचा गोळा साठत असेल, तर तिला जाड कडबा घालून काही उपयोग नाही. तिचा चारा कायम बारीक आणि भिजवलेलाच लागणार.

शेवटी वजन, कारण औषध अंदाजाने देणं ही मोठी चूक आहे. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, एवढे किलो. घेर २४ आणि लांबी २६ असेल तर सुमारे २२.७ किलो.

पहिले तीन दिवस

पाणी कोमट द्या. डोळे खोल गेले असतील, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर तशीच उभी राहत असेल, तर ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात घालून दर दोन-तीन तासांनी १०० ते २०० मिली पाजा. पाजताना मान वर ताणू नका, नाक डोळ्यांच्या वर जाता कामा नये. सिरिंज ओठाच्या कोपऱ्यातून, पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या फटीत घाला. १० मिली द्या, गिळू द्या, मग पुढचे १०. बाटली किंवा बांबूची नळी घशात ओतली की पाणी फुफ्फुसात जातं आणि चार दिवसांनी शेळी न्यूमोनियाने जाते. गिळता येत नसेल तर पाजूच नका, सलाइन हे डॉक्टरांचं काम आहे.

बसून राहिलेली शेळी आडवी पडू देऊ नका, पोट फुगतं. छातीवर बसवून दोन्ही बाजूंना पिंजर भरलेली पोती लावा. दर दोन-तीन तासांनी कूस बदला.

खायला भुईमुगाच्या शेंगांचा वाळलेला पाला, तुरीचा किंवा हरभऱ्याचा भुसा आणि सोबत शेवरी, बोर, उंबर, हादगा यांचा मूठ-मूठ पाला. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. डहाळी तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगा. जमिनीवरचं न खाणारी शेळी टांगलेलं ओढून खाते. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको.

पोट बंद असेल तर एक जुना उपाय अजून लागू पडतो. सकाळी कापलेल्या निरोगी बोकडाच्या मोठ्या पोटातला चारा फडक्यात पिळून अर्धा लिटर रस घ्या आणि अंगाइतक्या कोमटपणातच तासाभरात पाजा. त्यातले जिवंत जीवाणू पोट पुन्हा चालू करतात. आजारी जनावराचा रस मात्र चुकूनही नको.

आपल्या भागातले तीन धोके लक्षात ठेवा. चिकोडी-अथणीकडे गळीत हंगामात उसाचं वाढं फुकट मिळतं, पण त्यातलं ऑक्झलेट अंगातला चुना (कॅल्शियम) बांधून ठेवतं. वाढं द्यायचंच असेल तर कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून आणि दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या. निपाणीकडे तंबाखू काढलेल्या रानात शेळी सोडू नका, खोडव्याच्या फुटव्यातही निकोटिन असतं. पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीचं विष तर काही मिनिटांत मारतं.

जंताचं औषध

डोळा पांढरा असेल तर थांबू नका. एरवी शेळी दोन-तीन दिवस खायला लागल्यावर द्या. त्याआधी सकाळच्या ताज्या आठ-दहा लेंड्या पिशवीत घालून जनावरांच्या दवाखान्यात तपासायला न्या. १९६२ या नंबरवर फोन केला तर फिरत्या दवाखान्याची गाडीही मिळते. डॉक्टर कन्नडच बोलणारे असतील तर आडु म्हणजे शेळी, भेदी म्हणजे हगवण, ज्वर म्हणजे ताप आणि मेवु म्हणजे चारा, एवढ्या चार शब्दांवर काम भागतं.

फेनबेंडाझोल शेळीला किलोला १० मिलिग्रॅम लागतं. मेंढीच्या मापाने दिलं तर कमी पडतं, कारण शेळीचं शरीर हे औषध लवकर बाहेर टाकतं. अडीच टक्क्यांच्या पातळ औषधात एका मिलीत २५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे २० किलोच्या शेळीला ८ मिली. दहा टक्क्यांचं असेल तर फक्त २ मिली. बाटलीवरचा टक्का न वाचता माप घेणं ही नेहमीची चूक. गाभण असेल किंवा शंका असेल तर अल्बेंडाझोल टाळा, पहिल्या दीड महिन्यात गर्भाला अपाय होतो. भातशेतीच्या पाणथळ भागातून आलेल्या शेळीच्या यकृतात चपटे जंतही असू शकतात. फेनबेंडाझोलने ते जात नाहीत, त्याचं वेगळं औषध डॉक्टर देतील. १४ दिवसांनी लेंड्या पुन्हा तपासा. अंडी तशीच दिसली तर जंत औषधाला सरावले आहेत, तेच औषध पुन्हा पाजत बसू नका.

गोचीड-उवांसाठी शेतातल्या फवारणीचं औषध अंगावर मारू नका, अशक्त शेळी त्यानेच मरते. जनावरांसाठीचं औषध लेबलवरच्या मापाने, उन्हाच्या वेळी लावा. पावसाळी दिवसात अंघोळ नको.

खुराक कधी

चौथ्या-पाचव्या दिवसापासून, शेळी रवंथ करत असेल आणि लेंडी बांधलेली असेल तरच. मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा आणि थोडी शेंगपेंड मिळून ५० ग्रॅम, दोन वेळांत विभागून, चारा खाल्ल्यानंतर द्या. दर तिसऱ्या दिवशी २५ ते ५० ग्रॅम वाढवा आणि महिन्याअखेर २५०-३०० ग्रॅमवर थांबा. त्यात १० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर मीठ घाला. लेंडी सैल झाली की दोन दिवस मागच्या मापावर या. चुकून पोत्यात तोंड घालून तिने धान्य खाल्लं तर पाणी थोडं थोडंच द्या, किलोला १ ग्रॅम हिशेबाने खायचा सोडा कोमट पाण्यातून पाजा आणि डॉक्टरांना बोलवा. शेळी डोकं मागे टाकून आकाशाकडे बघते, आंधळ्यासारखी भिंतीला धडकते, तर बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन त्याच दिवशी लागतं.

खूर

उभी राहायला लागली की आठवड्याने खूर घ्या. आधी पाण्याने मऊ करा आणि आतली घाण टोकाने काढा. आत दुमडलेली कड आधी कापा, मग तळ कागदासारख्या पातळ चकत्यांनी. गुलाबी झाक दिसली की थांबा, पुढे रक्त आहे. तळ वरच्या केसांच्या रेषेला समांतर आला पाहिजे. फार वाढलेला खूर एकदम सरळ होत नाही, दर दोन-तीन आठवड्यांनी थोडा थोडा कापावा लागतो. बोटांच्या बेचक्यात कुजका वास असेल तर लिटरला १०० ग्रॅम झिंक सल्फेटच्या पाण्यात खूर दहा मिनिटं बुडवा, मग कोरड्या जागी उभी करा.

लस ताप उतरल्यावर आणि अंगात थोडी ताकद आल्यावर. आंत्रविषाराची लस मृगाच्या आधी व्हायला हवी. आधी कधी दिली नसेल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. पीपीआरची वेगळी घ्या.

दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी टेप लावून वहीत लिहा. डोळ्याचा रंग दोन-तीन आठवड्यांत बदलायला लागतो, पाठ भरायला दोन-तीन महिने जातात. मधेच माजावर आली तरी मणका बोटाला टोचायचा थांबेपर्यंत बोकड दाखवू नका.