कार्बन कॅप्चरच्या प्रोजेक्टचा हिशोब कसा तपासायचा

कार्बन कॅप्चर म्हणजे कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड (सीओटू) हवेत जाण्याआधी पकडणं. त्याचा नवीन प्रोजेक्ट आला की बातमीत एकच आकडा ठळक असतो, वर्षाला इतके लाख टन सीओटू पकडणार. तो आकडा जरा बाजूला ठेवा आणि आधी हे शोधा की टनामागे पैसे कोण देतंय, कारण जमिनीत पुरायचा गॅस कोणी विकत घेत नाही.

नॉर्वेचं स्लाइप्नर बघा, समुद्रातलं गॅसचं क्षेत्र. तिथल्या नैसर्गिक वायूत सीओटू एवढा असतो की विकण्याआधी तो काढावाच लागतो, म्हणजे पकडायचा खर्च तसाही होणारच होता, आणि १९९१ मध्ये सरकारने कार्बन टॅक्स लावल्यावर हवेत सोडण्यापेक्षा समुद्रतळाखाली पुरणं परवडायला लागलं, म्हणून १९९६ पासून ते चालू आहे. याउलट टेक्ससमधला पेट्रा नोवा. कोळशाच्या प्लांटमधला सीओटू जुन्या तेलविहिरींमध्ये सोडून जास्त तेल काढायचं, त्यावर कमाई. २०१७ ला सुरू झाला, २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि कॅप्चर बंद पडलं, परत चालू व्हायला २०२३ उजाडलं. मशीन चालत होतं, गणित बसत नव्हतं.

आता दुसरं, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. पकडलेले टन आणि वाचलेले टन वेगळे असतात. समजा एक प्लांट १०० टन सोडतो. कॅप्चरचं युनिट चालवायला २५ टक्के जास्त कोळसा लागला तर सीओटू झाला १२५ टन, त्यातला ९० टक्के पकडला म्हणजे ११२.५, आणि १२.५ हवेत गेलाच. म्हणजे खरे वाचले ८७.५ टन. कंपनी पकडलेल्या टनामागे ५० डॉलर सांगत असेल तर वाचलेल्या टनाचा खर्च साधारण ६४ डॉलर पडतो. धोरण ठरवताना हाच आकडा धरायला हवा.

मग सबसिडी बघा. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने कारखान्यातून पकडून जमिनीत कायमचा पुरलेल्या टनाला ८५ डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट, म्हणजे टॅक्समध्ये तेवढी सूट मिळते, पण १२ वर्षंच. तेराव्या वर्षी कोण भरणार हे प्रोजेक्टच्या कागदात लिहिलंय का ते शोधाच.

सोर्सही बघा. इथेनॉल, अमोनियाच्या कारखान्यांत सीओटू जवळजवळ शुद्ध निघतो, स्वस्तात पकडता येतो. कोळशाच्या धुरात तो पातळ असतो, म्हणून महाग, आणि तिथे सोलर-विंडचा पर्याय आहेच. सिमेंटचं तसं नाही, चुनखडी भाजली की दगडातूनच सीओटू बाहेर पडतो, वीज कितीही स्वच्छ असली तरी. त्यामुळे माझं स्पष्ट मत आहे की सरकारी पैसा आधी सिमेंटला जावा, कोळशाच्या प्लांटचं आयुष्य वाढवायला नको.