चिनी नववीच्या पोरांचा इंग्रजीचा सराव घेताय? या चुका टाळा

शेजारच्या पोरीला एकदा पोहे दिले होते, अर्धे संपल्यावर मी विचारलं, "डोन्ट यू वॉन्ट मोअर?" ती म्हणाली, "येस." वाढले. परत विचारलं, परत येस, परत वाढले. तिसऱ्यांदा डाव पुढे नेला तेव्हा तिची आई हसायला लागली आणि माझी ट्यूब पेटली की पोरगी मघापासून "हो, नको" म्हणतेय. खरं तर मला आधीच कळायला हवं होतं, आपणही मराठीत हेच करतो की, "तू येणार नाहीस का?" "हो, नाही येणार." इंग्रजीत तिथे "नो, आय डोन्ट" लागतं, चिनी भाषेत आपल्यासारखंच आहे, त्यामुळे ही चूक त्यांचीही आणि आपलीही.

आम्ही केचियाओला राहतो, झेजियांग प्रांतात, शाओशिंग शहराचा भाग. कापडाचं प्रचंड मार्केट आहे म्हणून भारतीय लोक भरपूर. शेजारचे चिनी आईबाप बघतात की यांना इंग्रजी येतं, मग हळूच विचारतात की आमच्या पोराशी जरा बोलाल का, परीक्षा आहे. परवा आपल्यातल्याच दोघींनी मला विचारलं की नक्की काय घ्यायचं असतं, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढू.

ही परीक्षा म्हणजे चोंगखाओ. नववीच्या शेवटी, जूनमध्ये. आपली दहावी समजा, पण जास्त जीवघेणी, कारण यावरच ठरतं की पोरगं साध्या हायस्कूलला जाणार, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीच्या रस्त्याला लागणार, की व्यावसायिक शाळेत. पेपर प्रत्येक ठिकाणचा वेगळा. आमच्या झेजियांगमध्ये २०२४ पासून अख्ख्या प्रांताला एकच पेपर आहे, इंग्रजी १२० मार्कांचं. शांघायला १५०. बीजिंगला १००, त्यातले ४० नुसत्या ऐकण्या-बोलण्याचे, कॉम्प्युटरसमोर बसून. म्हणून पहिली चूक इथेच होते, कुणीतरी दुसऱ्या शहरातल्या मैत्रिणीकडून पेपरांचा गठ्ठा मागवतं आणि पोराला तोच घासायला लावतं. आधी शाळेतून आलेला त्याच शहराचा नमुना बघा, मग हात घाला.

आणि हो, पैसे घेऊ नका. जुलै २०२१ मध्ये सरकारने शाळेच्या विषयांच्या खासगी क्लासेसवर मोठे निर्बंध आणले, शनिवार-रविवार आणि सुट्टीत असे क्लास घ्यायला बंदी, परदेशात बसून ऑनलाइन शिकवणाऱ्या मास्तरांनाही बंदी. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांचा व्हिसा शिकवायचा नाहीच. मी त्या पोरीशी इंग्रजी बोलते, तिची आई माझं चिनी सुधारते, मधून मधून डंपलिंग येतात, हिशोब मिटला. ती मला "आयी" म्हणते, म्हणजे काकू-मावशी जे काय ते, पण सुरुवातीला आमच्या घरात हाक आली की माझा मुलगा दचकून बघायचा.

आता मुद्द्याचं. आपला पहिला गैरसमज असतो की यांचं ग्रामर कच्चं आहे. अजिबात नाही. ही पोरं तिसरीपासून इंग्रजी शिकतात, नववीपर्यंत साधारण १६०० शब्द यायला हवेत असं अभ्यासक्रमात आहे, आणि नियम विचारा, धडाधडा म्हणून दाखवतील. पहिला-दुसराच्या स्पेलिंगचं तर त्यांचं गाणंच आहे, आठचा टी जातो, नऊचा ई जातो, व्ही-ईच्या जागी एफ येतो. म्हणजे एट्थ, नाइन्थ, फिफ्थ, ट्वेल्फ्थ. मला स्वतःला इतकी वर्षं नाइन्थमध्ये ई आहे की नाही शंका यायची, या गाण्याने गेली. तर नियम येतात. पण लिहिताना-बोलताना हात जातो चिनी वाक्याकडे, आणि तुम्ही परत नियमच समजावत बसलात तर पोरगं मान डोलावतं आणि पुढच्या ओळीत तीच चूक करतं.

उदाहरण घ्या. "ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट." चिनीत जरी-तरी जोडीने येतात, कारण-म्हणून जोडीने येतात, जसे आपल्याकडे येतात तसेच. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचा. मी तिला सांगितलं, एका म्यानात दोन तलवारी नको, आणि गंमत म्हणजे तिने लगेच सांगितलं की आमच्याकडे एका डोंगरावर दोन वाघ मावत नाहीत म्हणतात. झालं, तेव्हापासून "दोन वाघ" म्हटलं की ती स्वतःच बट खोडते. हे नियमाने झालं नसतं.

तसंच "देअर हॅव अ पार्क". चिनीत "यौ" हा एकच शब्द, माझ्याकडे आहे लाही तोच आणि तिथे आहे लाही तोच. आपलं "आहे" पण दोन्हीकडे चालतंच. "आय ॲम अग्री" हे तर आपल्याकडे ऑफिसातली मोठी माणसंही लिहितात, मी सहमत आहे, मग ॲम नको का. आणि "ओपन द लाईट", कारण त्यांचा "खाय" दार उघडायलाही, लाईट लावायलाही, गाडी चालवायलाही आणि मीटिंग घ्यायलाही. हसू नका हं, आपण दार लाव म्हणतो तेव्हा बंद करायचं असतं आणि लाईट लाव म्हणतो तेव्हा सुरू, ते कुणा चिनी माणसाला समजावून बघा.

एका चुकीत मात्र आपण त्यांच्याबरोबर नाही, ही-शी ची. आपल्याला तो आणि ती वेगळे ऐकू येतात. चिनीत लिहिताना अक्षरं वेगळी पण बोलताना तो, ती, ते तिन्ही "था". म्हणून पोरगी निबंधात "माय मदर, शी" बरोबर लिहिते आणि बोलताना दोन वाक्यांत आईचा ही होतो. इथे रागावू नका, आणि प्रत्येक वेळी मध्येच तोडू पण नका, मी आधी तेच करायचे आणि ती गप्पच बसायला लागली. आता वाक्य पूर्ण होऊ देते, मग फक्त "शी?" एवढंच विचारते.

शेवटचा एस, ज्याच्यामुळे सगळ्यात जास्त मार्क जातात

वह्यांमध्ये लाल शाईत सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलेलं असतं माहितीये, "सानतान". म्हणजे थर्ड पर्सन सिंग्युलर, ही गो नाही ही गोज. बाईंनी शंभरदा लिहिलेलं, तरी जात नाही. कारण मला बऱ्याच उशिरा कळलं. चिनीत शब्द बहुतेक स्वरावर संपतो नाहीतर न किंवा ङ वर, क-ट-ड-स वर संपणारा शब्दच नाही. त्यामुळे "बुक्स"मधला स, "आस्क्ड"मधला ट त्यांच्या कानालाच लागत नाही, आणि जे ऐकू येत नाही ते हात लिहिणार कसा. मग मी ग्रामर सोडलं आणि कानाचा खेळ घेतला: मी "ही वर्क" किंवा "ही वर्क्स" म्हणायचं, तिने एक बोट की दोन बोटं ते दाखवायचं. नंतर "वॉक", "वॉक्ड". पहिल्या आठवड्यात दहातले चार बरोबर यायचे. दोन महिन्यांनी नऊ, आणि वहीतला सानतानही कमी झाला. रोज पाच मिनिटं, जास्त नाही, जास्त घेतलं की कंटाळतात आणि नुसती बोटं उडवतात.

उच्चाराबद्दल एक कबुली. व्ही आणि डब्ल्यू मी दुरुस्त करत नाही, माझेच दोन्ही एक आहेत! तिथे शाळेचा ऑडिओ लावते आणि आम्ही दोघी मिळून म्हणतो. पण एक सवय मोडाच, इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर चिनी अक्षरात उच्चार लिहायची. थँक्यू वर "सान ख यौ" लिहितात, त्याचा अर्थ होतो तीन ग्रॅम तेल. आपणही लहानपणी देवनागरीत लिहायचोच, पण देवनागरीत निदान जोडाक्षर तरी लिहिता येतं, चिनी अक्षरात जवळजवळ प्रत्येक व्यंजनाला स्वराची शेपटी लागते. सातवीच्या सुरुवातीला त्यांना उच्चाराच्या खुणा शिकवलेल्या असतात, त्याच वापरायला सांगा.

पेपर घासणं आणि रंगीत वह्या

पेपरामागून पेपर सोडवण्याला त्यांच्याकडे शब्दच आहे, "श्वाथी", प्रश्नांना ब्रश मारणं म्हणा. वसंतात शाळांच्या सराव परीक्षा सुरू झाल्या की पोरं रात्री अकरापर्यंत हेच करतात. आणि चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही असते, ही कल्पना मला फार आवडली होती, अजूनही आवडते, पण त्या पोरीची वही उघडली तर काय, पाच रंगांची पेनं, वॉशी टेप, चिकटवलेला छापील प्रश्न, खाली सुंदर अक्षरात बरोबर उत्तर. आणि आपण काय उत्तर दिलं होतं ते कुठेच नाही! आजाराचं नाव खोडून नुसतं औषध लिहून ठेवल्यासारखं. मी तिला सांगितलं, काळ्या पेनने तुझं चुकीचं उत्तर लिही, बाजूला चार शब्दांत ते का निवडलंस ते लिही, चिनीत लिही चालेल, आणि शनिवारी बरोबर उत्तरावर हात ठेवून परत सोडव. महिन्याभरात दिसलं की चाळीसेक चुकांपैकी निम्म्याहून जास्त फक्त तीनच प्रकारच्या होत्या. रंगीत वहीत हे कधीच दिसलं नसतं, तिथे प्रत्येक पान वेगळं आणि छान.

गाळलेल्या जागांच्या गोष्टीत पोरं पहिल्या रिकाम्या जागेला अडकतात आणि चारही पर्यायांचे अर्थ घोळत बसतात. आधी पूर्ण गोष्ट वाचायची, जागा सोडून. पहिल्या वाक्यात बहुतेक वेळा जागा गाळत नाहीत, ते उगीच नाही, तिथे गोष्ट कुठे चाललीय ते असतं.

शब्द पाठ करायच्या ॲपवर मी फार बोलत नाही, शब्द आणि एक अर्थ अशी जोडी पक्की होते आणि वाक्यात तोच शब्द दुसऱ्या अर्थाने आला की पोरगं गार. शब्द वाक्यासकट म्हणायला लावा, एवढंच. आकड्यांचं जरा बघा, त्यांचं मोजमाप दहा हजारांच्या गठ्ठ्यात असतं, "वान", म्हणून दीड लाख म्हणजे त्यांचे पंधरा वान, आणि ऐकण्याच्या प्रश्नात "वन हंड्रेड फिफ्टी थाउजंड" आलं की बोटं मोजत बसतात तोवर पुढचं वाक्य गेलेलं असतं. माझंही मिलियन आलं की अजून तसंच होतं.

लिहायचं काय

शेवटी साधारण ८० शब्दांचं लिखाण असतं, बहुतेकदा तुम्ही "ली ह्वा" आहात आणि परदेशी मित्राला मेल लिहायचाय. हा ली ह्वा बिचारा वर्षानुवर्षं मेल लिहितोय, त्याला उत्तर कुणी दिलेलं मी तरी पाहिलं नाही. इथे स्वतःचं किंवा शाळेचं खरं नाव लिहायचं नसतं, घाईत सही ठोकणारी पोरं असतात, बजावून ठेवा.

मोठी चूक म्हणजे पाठ केलेली सर्वगुणसंपन्न वाक्यं. "विथ द डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी" ने सुरुवात, विषय काय तर माझा आवडता पदार्थ. आपल्या निबंधातलं "आजच्या विज्ञानयुगात" आठवलं मला. पाठांतर वाईट असं मी म्हणत नाही, चांगली चार वाक्यं तोंडात बसलेली असणं चांगलंच, पण मी तिला आधी तीच गोष्ट मला तोंडी सांगायला लावते. आवडता पदार्थ? तिने सांगितलं की आजी वाळवलेल्या मोहरीच्या पाल्यात डुकराचं मांस शिजवते, हा शाओशिंगचाच प्रकार आहे, आणि घरभर तीन दिवस वास राहतो. म्हटलं हेच लिही. वासाचं वाक्य तिने तीनदा खोडलं, शेवटी "द स्मेल स्टेज इन अवर हाऊस फॉर थ्री डेज" आलं, स्टेजमधल्या एससकट.

अक्षराकडे दुर्लक्ष नको. उत्तरपत्रिका स्कॅन होते, तपासणारा स्क्रीनवर बघतो, चौकटीबाहेर गेलेली ओळ दिसतच नाही. म्हणून तिथे गोल-गोल, छापल्यासारखं, एकसारख्या उंचीचं अक्षर गिरवून घेतात, हेंगशुई शहराच्या नावाने ते ओळखतात. मला ते फार निर्जीव वाटतं. पण मार्क जात असतील तर माझ्या वाटण्याला कोण विचारतं.

कॉम्प्युटरसमोरची तोंडी परीक्षा असलेल्या गावात असाल, म्हणजे बीजिंग, शांघाय, क्वांगतोंग वगैरे, तर सराव फोनवर रेकॉर्ड करूनच घ्या. हॉलमध्ये सगळे हेडसेट लावून एकाच वेळी बोलत असतात, शेजारचा ओरडत असतो, आणि पोरं तीन गोष्टी करतात: बीपच्या आधी सुरू होतात, चुकलं की वाक्य पहिल्यापासून घेतात आणि वेळ संपते, नाहीतर माइक तोंडात घालून फुसफुसतात. घरी टीव्ही चालू ठेवून रेकॉर्ड करा, चुकलं तरी पुढे जायचं, मागे फिरायचं नाही. आपल्या भारतीय उच्चारांची भीती आईबापांना असते, तर उतारा वाचायला ऑडिओ द्या आणि प्रश्नोत्तरं तुम्ही घ्या, तिथे समोर जिवंत माणूस लागतो.

आदल्या दिवशी टूबी पेन्सिल दोन, काळी जेल पेनं दोन, आणि नवीन पेपर एकही नाही असं मी तिच्या आईला स्पष्ट सांगितलं होतं. आई हो हो म्हणाली. रात्री नऊला पोरीचा मेसेज, आयी, मम्मीने अजून एक पेपर आणलाय. मी लिहिलं, "डोन्ट यू वॉन्ट टू स्लीप?" उत्तर आलं, "नो." आणि त्याच्याखाली लगेच, "सॉरी सॉरी, येस, आय डू."